सीमा हव्यात, पण मित्र सीमेपलीकडचे: युरोपातल्या राष्ट्रवादी पक्षांच्या युतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या निवडणुकांच्या बातम्या वाचताना 'पॅट्रियट्स', 'ईसीआर', 'आयडी' अशी युरोपीय संसदेतल्या गटांची नावं येतात. त्यांत फ्रेंच, हंगेरियन, इटालियन आणि डच पक्ष एकमेकांत मिसळलेले असतात आणि दर पाच वर्षांनी पाट्या बदलतात. त्यावरून जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची ही उत्तरं.

राष्ट्रवादी पक्षांनी परदेशी पक्षांशी युती करायची, हे मुळातच विसंगत नाही का?

वाटतं तेवढं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरात मालक असावं आणि त्यासाठी शेजाऱ्याला मदत करावी, हा विचार जुना आहे. इटलीच्या मॅझिनीने १८३४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे 'तरुण युरोप' ही संघटना काढली. तिच्यात इटालियन, पोलिश आणि जर्मन देशभक्त एकत्र होते. हाच मॅझिनी सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणला, त्यामुळे आपल्याकडे हे नाव जुन्या वाचकांना चांगलंच परिचयाचं आहे.

मात्र मॅझिनीचे साथी अजून अस्तित्वात न आलेल्या राष्ट्रांसाठी लढत होते. आजच्या पक्षांची राष्ट्रं केव्हाच उभी आहेत. त्यांचा समान प्रतिस्पर्धी म्हणजे ब्रुसेल्समधला युरोपीय संघ. गंमत अशी, की ज्या संसदेचे अधिकार कमी करा म्हणून हे पक्ष मतं मागतात, त्याच संसदेच्या नियमांमुळे ते एका बाकावर येतात. ती संसद नसती तर ही मंडळी वर्षातून एकदा जेवायला भेटली असती आणि फोटो काढून परतली असती.

गट म्हणजे नेमकं काय? त्यासाठी एवढी धडपड का?

युरोपीय संसदेत ७२० सदस्य आहेत आणि ते देशानुसार बसत नाहीत, राजकीय गटानुसार बसतात. गटाच्या मान्यतेसाठी किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान एक चतुर्थांश देशांमधले, म्हणजे २७ पैकी ७ देशांतले असावे लागतात. २३ चा आकडा मोठ्या पक्षाला एकट्यानेही गाठता येतो. घोडं अडतं ते सात देशांवर.

मान्यता मिळाली की सचिवालय मिळतं, कर्मचारी मिळतात, पैसा मिळतो, सभागृहात बोलायला वेळ मिळतो, गटांच्या अध्यक्षांच्या बैठकीत मतासह जागा मिळते आणि समित्यांची पदं वाटताना वाटा मागता येतो. मान्यता नाही मिळाली तर 'असंलग्न' म्हणून कोपऱ्यात बसायचं. तिथे बोलायला वेळ अपुरा आणि कामकाजावर प्रभाव जवळपास शून्य. म्हणून सातवा देश शोधण्यासाठी एखाद्या छोट्या देशातल्या एकांड्या खासदाराचीही मनधरणी होते. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही, त्यामुळे तो खासदार उद्या उठून दुसरीकडे गेला तरी कुणी अडवू शकत नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हे घडलं. ब्रिटनच्या नायजेल फराज यांच्या गटातून लाटव्हियाच्या इव्हेता ग्रिगुले बाहेर पडल्या आणि देशांची संख्या कमी पडल्यामुळे अख्खा गट बरखास्त झाला. काही दिवसांत एक पोलिश खासदार मिळाला आणि गट पुन्हा जिवंत झाला.

हे कधीपासून सुरू आहे?

१९८४ पासून. त्या वर्षी फ्रान्सच्या जाँ-मारी ल पेन यांच्या 'नॅशनल फ्रंट'चे १० खासदार निवडून आले. त्यांनी इटलीतल्या नवफॅसिस्ट एमएसआय पक्षाच्या पाच आणि ग्रीसच्या एका खासदाराला घेऊन 'युरोपीय उजव्यांचा गट' काढला.

१९८९ मध्ये जर्मनीचे 'रिपब्लिकन' सहा जागा घेऊन आले आणि ल पेन यांच्यासमोर पेच उभा राहिला. जर्मन आले तर इटालियन बसणार नव्हते. कारण होतं दक्षिण टायरोल. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळालेला हा डोंगराळ प्रदेश, जिथे बहुसंख्य लोक जर्मन बोलतात. जर्मन पक्षाला तो जर्मन संस्कृतीचा तुटलेला तुकडा वाटत होता, आणि इटालियन पक्षासाठी तो युद्धात रक्त सांडून मिळवलेला मुलूख होता. ल पेन यांनी जर्मन निवडले, बेल्जियमच्या 'फ्लाम्स ब्लॉक'चा एक खासदार सोबत घेतला आणि एमएसआय बाहेर राहिला. या युतीच्या पुढच्या साऱ्या कथांचं बीज याच प्रसंगात आहे. समान शत्रू एकत्र आणतो आणि जुना नकाशा फोडतो.

१९९९ चा प्रयोग तर विनोदीच होता. ल पेन यांच्या खासदारांनी इटलीतल्या उदारमतवादी बोनिनो यांच्या यादीसोबत एक तांत्रिक गट काढला आणि आम्ही राजकीयदृष्ट्या एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहोत, असं स्वतःच लिहून दिलं. संसदेने म्हटलं, नियमानुसार गटाला राजकीय साधर्म्य लागतं आणि तुम्ही तर ते नाकारता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये निकाल संसदेच्या बाजूने लागला.

२००७ चा गट दहा महिन्यांत का कोसळला?

१ जानेवारी २००७ ला रुमानिया आणि बल्गेरिया संघात आले. या दोन देशांतून 'ग्रेटर रुमानिया' पक्षाचे पाच आणि 'अटाका'चे खासदार मिळाले आणि त्याच महिन्यात 'नॅशनल फ्रंट'च्या ब्रुनो गोलनिश यांच्या अध्यक्षतेखाली 'ओळख, परंपरा, सार्वभौमत्व' नावाचा गट जन्माला आला. पूर्व युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांना विरोध हा पश्चिमेकडच्या सदस्यांचा आवडता मुद्दा, आणि गट उभा राहिला तो पूर्व युरोपच्या जिवावर.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत रोममध्ये एका महिलेचा खून झाला आणि संशयित रुमानियाचा निघाला. गटाच्या सदस्य, बेनितो मुसोलिनीची नात अलेस्सांद्रा मुसोलिनी यांनी सरसकट रुमानियन लोकांनाच गुन्हेगार ठरवणारी विधानं केली. 'ग्रेटर रुमानिया'चे पाचही खासदार उठून गेले. त्या वेळी किमान २० ची अट होती. संख्या त्याखाली गेली आणि नोव्हेंबरमध्ये गट संपला. रुमानियन राष्ट्रवाद्यांनी राष्ट्रवादी म्हणून जे करायला हवं तेच केलं, त्यांना दोष कसा द्यायचा?

मरीन ल पेन आणि गीर्ट विल्डर्स यांनी वेगळं काय केलं?

नोव्हेंबर २०१३ मध्ये जाँ-मारी यांच्या कन्या मरीन आणि नेदरलँड्सचे विल्डर्स हेगमध्ये भेटले आणि ब्रुसेल्सविरोधी आघाडीची घोषणा झाली. पुढच्या मे महिन्यात ल पेन यांचा पक्ष फ्रान्समध्ये पहिला आला, ७४ पैकी २४ जागा घेऊन. तरी गट झाला नाही, कारण देश पाचच जमले. पोलंडचा कॉर्विन-मिके यांचा पक्ष उपलब्ध होता, पण त्यांची बायकांबद्दलची आणि ज्यूंबद्दलची वक्तव्यं विल्डर्स यांना चालणार नव्हती. फराज यांनी तर ल पेन यांच्याच पक्षाला ज्यूद्वेषाचा इतिहास आहे म्हणून दूर ठेवलं होतं. म्हणजे प्रत्येकाच्या दृष्टीने अतिरेकी कोण, तर आपल्यापेक्षा एक पाऊल उजवीकडे उभा असलेला.

वर्षभराने कॉर्विन-मिके स्वतःच पक्षाच्या नेतृत्वावरून गेले, त्यांच्या पक्षाचे दोन खासदार आणि फराज यांच्या पक्षातून हकालपट्टी झालेल्या एक ब्रिटिश बाई मिळाल्या आणि जून २०१५ मध्ये गट झाला. मरीन ल पेन यांचं खरं कौशल्य इथे दिसतं. वडिलांनी मिळेल तो घेतला, तर मुलीने कुणाबरोबर फोटोत दिसायचं नाही याची यादी आधी केली.

मिलानची सभा एवढी गाजली, पुढे काय झालं?

१८ मे २०१९ ला इटलीचे मात्तेओ साल्व्हिनी यांनी मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात ल पेन, विल्डर्स आणि इतर नेत्यांना एका मंचावर आणलं. त्याच दिवशी मित्रपक्ष असलेल्या ऑस्ट्रियाच्या एफपीओचे नेते आणि देशाचे उपचान्सेलर श्ट्राखे यांनी इबिझा बेटावरच्या गुप्त चित्रफितीमुळे राजीनामा दिला. सभेवर पाणी पडलं, तरी निवडणुकीनंतर ७३ खासदारांचा 'आयडेंटिटी अँड डेमॉक्रसी' गट उभा राहिला. हंगेरीचे ऑर्बान आणि पोलंडचा 'लॉ अँड जस्टिस' पक्ष त्यात आले नाहीत.

साल्व्हिनी आणि ऑर्बान यांची जवळीक मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये मिलानमध्येच जाहीर झाली होती, आणि त्यातली अडचणही. इटलीच्या किनाऱ्यावर उतरणारे स्थलांतरित इतर देशांनी वाटून घ्यावेत ही रोमची मागणी, आणि एकही घेणार नाही ही बुडापेस्टची प्रतिज्ञा. दोघांचा स्थलांतराला विरोध सारखाच, पण एकाच्या विरोधाचं बिल दुसऱ्याच्या टेबलावर जातं. पैशाचंही तसंच. विल्डर्स यांना ब्रुसेल्सला कमी पैसे द्यायचे आहेत आणि हंगेरी-पोलंडसारख्या देशांना तिथून भरपूर मिळतात.

आता एक गट का नाही? तीन कशासाठी?

जुलै २०२४ मध्ये चित्र असं ठरलं: 'पॅट्रियट्स फॉर युरोप' ८४, 'ईसीआर' (युरोपियन कन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स, इटलीच्या मेलोनी यांचा गट) ७८ आणि 'युरोप ऑफ सॉव्हरिन नेशन्स' २५. बेरीज १८७. संसदेतल्या सर्वांत मोठ्या, मध्यम-उजव्या ईपीपी गटाची संख्या तेव्हा १८८ होती. एकत्र बसले असते तर पहिल्या क्रमांकापासून फक्त एक जागा दूर. तीन तिघाडा, काम बिघाडा.

पॅट्रियट्सची घोषणा ३० जून २०२४ ला व्हिएन्नात झाली. हंगेरीचे ऑर्बान, ऑस्ट्रियाचे किकल आणि चेक नेते बाबिश असे तिघे होते. दुसऱ्याच दिवशी हंगेरीकडे संघाच्या मंत्रिपरिषदेचं सहा महिन्यांचं अध्यक्षपद येणार होतं. ऑर्बान यांचा फिदेस २०२१ पर्यंत ईपीपीत होता आणि बाबिश यांचा पक्ष तर काही दिवसांपूर्वीपर्यंत उदारमतवादी गटात. आठवडाभरात ल पेन यांचे ३० खासदार आले, स्पेनचा 'व्हॉक्स' ईसीआर सोडून आला, आणि १२ देशांच्या या गटाचं अध्यक्षपद ल पेन यांच्याच पक्षाच्या जॉर्डन बार्देला यांच्याकडे गेलं. जुना आयडी गट यातच विरून गेला.

जर्मनीच्या एएफडीला मात्र दार बंद होतं. मे २०२४ मध्ये त्यांचे प्रमुख उमेदवार मॅक्सिमिलियन क्राह यांनी एका इटालियन दैनिकाला मुलाखत देताना, एसएसचा (हिटलरच्या नाझी दलाचा) गणवेश घातलेला प्रत्येक जण आपोआप गुन्हेगार ठरत नाही, अशा अर्थाचं बोलून ठेवलं. दोन आठवड्यांवर निवडणूक आणि फ्रेंच मतदारासमोर एसएसची तरफदारी! ल पेन यांनी संबंध तोडला आणि आयडी गटाने एएफडीला हाकललं. पुढे एएफडीने १४ खासदारांच्या भरवशावर स्वतःचा तिसरा गट काढला.

मेलोनी आणि ऑर्बान यांचं का जमत नाही?

युक्रेन हे पहिलं कारण. मेलोनी यांनी रशियाविरुद्ध युक्रेनची बाजू घेतली, त्यांच्याच गटातल्या पोलिश पक्षाला तर रशिया पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू आहे. ऑर्बान यांनी युक्रेनला शस्त्रं द्यायला नकार दिला आणि मॉस्कोशी बोलणं चालू ठेवलं.

दुसरं कारण सत्तेचं. मेलोनी २०२२ पासून इटलीच्या पंतप्रधान आहेत आणि त्यांना ब्रुसेल्सशी व्यवहार करून काही मिळवायचं आहे. त्यांचे सहकारी राफाएले फित्तो युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचे, कार्यकारी उपाध्यक्ष झाले. मौज म्हणजे साल्व्हिनी त्यांच्याच मंत्रिमंडळात आहेत आणि त्यांचा पक्ष बसतो पॅट्रियट्समध्ये.

हंगेरी आणि रुमानियाचं काय प्रकरण आहे?

१९२० च्या त्रिआनॉन तहाने हंगेरीचा मोठा भाग गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे आला आणि तिथे आजही हंगेरियन भाषिकांची मोठी वस्ती आहे. जॉर्ज सिमियोन यांचा 'एयूआर' हा रुमानियन राष्ट्रवादी पक्ष आहे; सिमियोन स्वतः २०१९ मध्ये एका लष्करी दफनभूमीवरून हंगेरियन अल्पसंख्याकांशी झालेल्या वादात पुढे होते. म्हणून २०२४ मध्ये एयूआर ईसीआरमध्ये आल्यावर फिदेसने सांगून टाकलं, आम्ही यांच्याबरोबर बसणार नाही.

वर्षभराने उलटी गंगा वाहिली. मे २०२५ मध्ये सिमियोन रुमानियाच्या अध्यक्षपदाच्या लढतीत आघाडीवर असताना तिहानी इथल्या भाषणात ऑर्बान यांनी त्यांच्याबद्दल चांगले शब्द काढले. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन लोकांचा पक्ष हादरला. त्यांच्या दृष्टीने मातृभूमीचा नेता आपल्याच विरोधकाला आशीर्वाद देत होता. त्यांनी सिमियोन यांचे प्रतिस्पर्धी निकुशोर दान यांना मत देण्याचं आवाहन केलं आणि १८ मेला दान जिंकले. वैचारिक मित्र मोठा की सीमेपलीकडचे आपले लोक, हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच समोर येतो.

पैसा कुठून येतो?

गटांना संसदेच्या अंदाजपत्रकातून. त्याशिवाय 'युरोपीय राजकीय पक्ष' हा वेगळा नोंदणीकृत प्रकार आहे. त्याला लागणाऱ्या खर्चाचा बराच मोठा भाग युरोपीय संघाकडून मिळतो, आणि वाटप मुख्यतः खासदारांच्या संख्येवर ठरतं. पॅट्रियट्सच्या अशा पक्षाचे अध्यक्ष 'व्हॉक्स'चे सांतियागो आबास्काल आहेत. ब्रुसेल्सला शिव्या ब्रुसेल्सच्याच खर्चाने, असं विरोधक म्हणतात. त्याला उत्तर असं, की करदाते आमचे मतदारही आहेत.

कर्जांचा रस्ता वेगळा. फ्रेंच बँका दारात उभं करत नाहीत अशी ल पेन यांची जुनी तक्रार आहे. २०१४ मध्ये त्यांच्या पक्षाने एका रशियन बँकेकडून ९० लाखांहून अधिक युरो घेतले, ते २०२३ मध्ये फिटले. २०२२ च्या अध्यक्षीय प्रचारासाठी हंगेरीच्या एमकेबी बँकेने १ कोटी ६ लाख युरो दिले. यात बेकायदा काही ठरलं नाही, पण परकीय हस्तक्षेपाविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला हे हिशेब प्रत्येक वादचर्चेत समजावत बसावं लागतं.

यामागे अमेरिकेचा हात आहे का?

हात पुढे आला होता, पण युरोपीय मंडळींनी तो फारसा धरला नाही. २०१८ मध्ये ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन 'द मूव्हमेंट' नावाने सगळ्यांना एकत्र करायला आले. बहुतेकांनी भेटी घेतल्या, चहा पाजला आणि रवाना केलं.

ट्रम्प यांच्याबद्दलचं कौतुक खरं आहे. बुडापेस्टमध्ये २०२२ पासून अमेरिकेतल्या पुराणमतवाद्यांच्या धर्तीची सीपॅक परिषद भरते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये माद्रिदच्या मेळाव्याचं घोषवाक्यच 'युरोपला पुन्हा महान करा' होतं. पण त्याआधी काही दिवस, ट्रम्प यांनी ग्रीनलँड मागितल्यावर, पॅट्रियट्सचेच डॅनिश खासदार आंदेर्स व्हिस्टिसेन यांनी भर संसदेत त्यांना इंग्रजीतली अर्वाच्य शिवी हासडली आणि पीठासीन अधिकाऱ्यांचा ओरडा खाल्ला. जमिनीचा प्रश्न आला की आंतरराष्ट्रीय बंधुभाव असा बाजूला पडतो.

संसदेत यांना दूर ठेवतात, म्हणजे काय करतात?

बाकीचे गट पदवाटपाच्या मतदानात यांना पाडतात. मूळ कल्पना बेल्जियमची, 'फ्लाम्स ब्लॉक'शी कुणी सत्तेत युती करायची नाही अशी. जुलै २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचा गट असूनही पॅट्रियट्सना एकही उपाध्यक्षपद किंवा समितीचं अध्यक्षपद मिळालं नाही. ईसीआरला दोन उपाध्यक्षपदं आणि तीन समित्या मिळाल्या. म्हणजे भिंत आता तीन गटांच्या मधोमध उभी आहे.

तिला भेगाही आहेत. कोणता कायदा कुठला गट हाताळणार हे गुणांच्या पद्धतीने ठरतं, त्यामुळे २०२५ मध्ये २०४० च्या हवामान लक्ष्याचा अहवाल थेट पॅट्रियट्सच्या हाती गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपन्यांवरचे पर्यावरणीय नियम सैल करण्याची भूमिका ईपीपीने या उजव्या गटांच्या मतांवर मंजूर करून घेतली. माझ्या मते खरा बदल हाच आहे. या पक्षांना आपसांत पूर्ण एकी करण्याची गरजच उरलेली नाही, ईपीपीला हवं तेव्हा ते उपलब्ध असले की पुरतं.

मग मतदानात ते एकत्र असतात की नाही?

स्थलांतर आणि हरित धोरणावर बऱ्यापैकी. युक्रेन, चीन आणि पैसा या विषयांवर नाही. जुलै २०२५ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव ईसीआरमधल्या रुमानियन खासदाराने आणला, पण त्याच गटातल्या मेलोनींच्या पक्षाने पाठिंबा दिला नाही. ठराव १७५ विरुद्ध ३६० मतांनी पडला.

भारताशी याचा काही संबंध आला आहे का?

एकदा ठळकपणे. कलम ३७० रद्द झाल्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय खासदारांचं एक मंडळ दिल्लीत आलं, पंतप्रधानांना भेटलं आणि त्यातले २३ जण श्रीनगरला गेले. त्यांत फ्रान्सचा नॅशनल रॅली (ल पेन यांच्या नॅशनल फ्रंटचं नवं नाव), एएफडी, पोलंडचा लॉ अँड जस्टिस, अशा पक्षांचेच लोक बहुसंख्य होते. युरोपीय संघाने ही आपली अधिकृत भेट नसल्याचं स्पष्ट केलं. स्थानिकांशी मोकळेपणाने बोलू द्या अशी अट घातल्यावर आपलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, असं एका ब्रिटिश लिबरल खासदाराने सांगितलं. सीमा आणि इस्लामी दहशतवाद या विषयांवर या पक्षांना दिल्ली आपलीशी वाटते. युरोपात नोकरीला जाणाऱ्या भारतीयांच्या व्हिसाचा विषय निघाला की हेच पक्ष काय भूमिका घेतात, तेही तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहून ठेवावं.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचं?

युरोपीय संसदेची पदं दर अडीच वर्षांनी नव्याने वाटली जातात, म्हणजे जानेवारी २०२७ मध्ये पॅट्रियट्स पुन्हा वाटा मागतील. त्याच वर्षी वसंतात फ्रान्सची अध्यक्षीय निवडणूक आहे. तिथे नॅशनल रॅली जिंकली, तर गटाचा सर्वांत मोठा पक्ष युरोपीय परिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या, टेबलावर बसेल आणि मेलोनींना आज पडतो तोच प्रश्न त्याला पडेल: ब्रुसेल्सशी भांडायचं की ब्रुसेल्समधून काही घेऊन यायचं.